अनोळखी भाजीची ओळख: शेतमालाच्या वर्गणीतून नव्या भाज्या शिकण्याची एक पद्धत

शेतावरून थेट भाजीची पेटी घरी येऊ लागली की दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात एक क्षण हमखास येतो. पेटीतून अशी काही वस्तू निघते की तिचे नाव माहीत नसते, तिचा कोणता भाग खायचा हे कळत नाही आणि तिच्यासाठी आधीची कोणतीच कृती आठवत नाही. बहुतेक घरांत ती वस्तू फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जाते आणि दहा दिवसांनी मऊ पडलेल्या अवस्थेत बाहेर येते. माझ्या घरी पहिल्या हंगामात तीन नवलकोल असेच वाया गेले, आणि त्याची हळहळ अजून आहे, कारण पुढे तीच भाजी आमच्या घरात सर्वांत आवडती ठरली.

या अनुभवातून मी एक गोष्ट शिकले आणि हा लेख तिच्याभोवतीच लिहिला आहे. अनोळखी भाजी समोर आली की आधी पाककृती शोधू नये. आधी ती कोणत्या कुळातली आहे आणि वनस्पतीचा कोणता अवयव आपल्या हातात आहे, हे ओळखावे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की ती कशी साठवायची, कशी चिरायची, किती शिजवायची आणि तिच्या चवीला कशाची जोड द्यायची, हे बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

वर्गणी घेण्यापूर्वी

ही व्यवस्था नेमकी काय आहे हे समजून घेतले तर अनोळखी भाज्यांबद्दलची निम्मी नाराजी निर्माणच होत नाही. जपानमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकरी आणि ग्राहक यांच्यात थेट भागीदारीची ‘तेइकेई’ नावाची पद्धत रुजली. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांवर सभासद-वर्गणीचे असे प्रयोग सुरू झाले आणि तेथून ही कल्पना तिकडे पसरली. तिच्या मूळ रूपात सभासद हंगामाच्या आधीच पैसे भरतो आणि पिकाचा एक वाटा घेतो. पीक उत्तम आले तर पेटी भरून वाहते आणि गारपीट झाली तर ती हलकी येते. म्हणजे सभासद ठरावीक भाज्या विकत घेत नसतो, तो शेताच्या हंगामात सहभागी होत असतो. शेतकऱ्याला जमिनीचा कस टिकवण्यासाठी आणि कीड-रोग आटोक्यात ठेवण्यासाठी पिकांची फेरपालट करावी लागते, त्यामुळे एकाच शेतातून अनेक कुळांतल्या भाज्या येतात आणि त्यांत काही आपल्याला नवख्या असणारच. आज मात्र शेतमालाच्या वर्गणीच्या नावाखाली दर आठवड्याला पैसे घेणाऱ्या आणि अनेक ठिकाणचा माल एकत्र करणाऱ्या सेवाही चालतात, म्हणून आपण नेमके काय घेत आहोत हे आधी विचारून घ्यावे.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते खरोखर विचारावेत. मागच्या हंगामात कोणत्या आठवड्यात काय आले याची यादी मिळेल का? पेटीसोबत भाज्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी येते का? नको असलेली भाजी बदलून घेण्याची सोय आहे का? अर्धा वाटा मिळतो का? नावांची चिठ्ठी ही क्षुल्लक बाब वाटते, पण नवशिक्या सभासदाच्या दृष्टीने तिचे मोल सर्वांत जास्त आहे. दोन-तीन माणसांच्या घराने पहिल्या हंगामात अर्धाच वाटा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नवी भाजी शिकायला जी उसंत लागते ती ओसंडून वाहणाऱ्या पेटीसमोर मिळत नाही.

पेटी आल्यावरचा पहिला अर्धा तास

पेटी आली की ती तशीच फ्रीजमध्ये सरकवू नये. अर्धा तास मोकळा ठेवावा आणि सगळा माल ओट्यावर किंवा टेबलावर पसरून, चिठ्ठीशी ताडून पाहावा. ज्या वस्तूचे नाव जुळत नाही तिचा फोटो काढून शेतावर पाठवावा. शेतकऱ्याला असा प्रश्न आवडतो, आणि अंदाजाने खाण्यापेक्षा विचारून खाणे केव्हाही चांगले.

त्यानंतरचे पहिले काम म्हणजे कंदमुळांची पाने कापणे. बीट, मुळा, सलगम, गाजर, नवलकोल हे सगळे पानांसकट येतात आणि दिसायला सुंदर दिसतात. पण पाने काढणीनंतरही पाणी सोडत राहतात आणि ते पाणी ती मुळातूनच ओढतात. पाला तसाच ठेवला तर दोन-तीन दिवसांत मूळ लिबलिबीत होते. देठाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग ठेवून पाला कापावा आणि तो वेगळी पालेभाजी समजून वेगळा ठेवावा. बीट, सलगम, मुळा आणि नवलकोल यांची पाने खाण्याजोगी असतात, त्यामुळे पेटीत पाच भाज्या दिसल्या तरी प्रत्यक्षात आठ निघतात. हे लक्षात आले तेव्हा मला पेटीकडे पाहण्याची नवी दृष्टीच मिळाली.

साठवण्यापूर्वी भाजी धुण्याचा मोह टाळावा. ओल राहिली की पाने सडतात. पाने कोरड्या सुती कापडात गुंडाळून, तोंड अर्धवट बंद केलेल्या पिशवीत, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावीत, म्हणजे ओलावा टिकतो पण पाणी साचत नाही. मुळे पिशवीत घालून थंडच ठेवावीत. टोमॅटो, वांगी, काकडी, भेंडी, रताळी आणि तुळशीच्या जातीची कोवळी पाने यांना मात्र अति थंडी सोसत नाही. त्यांवर डाग पडतात किंवा चव उतरते, म्हणून टोमॅटो आणि रताळी बाहेर सावलीत ठेवावीत आणि बाकीची फ्रीजच्या त्यातल्या त्यात कमी थंड भागात ठेवून लवकर वापरावीत. पिकत असलेली सफरचंदे, केळी आणि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने ब्रोकोली आणि पालेभाज्या पिवळ्या पडतात आणि गाजराला कडवटपणा येतो, म्हणून फळांचा संसार वेगळा असावा.

शेवटी वापराचा क्रम ठरवावा. कोवळी पाने आणि वाटाणा किंवा मका यांसारखे, ज्यांतील साखरेचे काढणीनंतर भराभर स्टार्चमध्ये रूपांतर होते असे दाणे, पहिल्या दोन दिवसांत. फुलांचे गड्डे आणि शेंगा त्यानंतर. मुळे आणि कोबीचे घट्ट गड्डे शेवटी. अनोळखी भाजीला मात्र या क्रमात मुद्दाम वरचे स्थान द्यावे, मग ती पंधरा दिवस टिकणारी का असेना. पहिल्या तीन दिवसांत जिला हात लागत नाही ती भाजी बहुधा वायाच जाते, असा माझा अनुभव आहे.

कूळ आणि अवयव

भाज्यांची कुळे फार नाहीत. पेटीत येणाऱ्या बहुतेक भाज्या सात-आठ कुळांत सामावतात आणि प्रत्येक कुळातला एखादा तरी सदस्य आपल्या ओळखीचा असतो.

सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त गोंधळात टाकणारे कूळ कोबीचे आहे. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, ब्रसेल्स स्प्राउट, केल आणि नवलकोल या दिसायला इतक्या भिन्न भाज्या एकाच प्रजातीच्या आहेत. माणसाने शतकानुशतके वेगवेगळे अवयव निवडत नेल्यामुळे त्यांची रूपे वेगळी झाली. कोबी ही शेंड्याची मोठी कळी आहे, ब्रसेल्स स्प्राउट या देठाच्या बगलेतल्या छोट्या कळ्या आहेत, ब्रोकोली म्हणजे न उमललेली फुले, केल म्हणजे नुसती पाने आणि नवलकोल म्हणजे फुगलेले खोड. सलगम, पाक चोय आणि चिनी कोबी ही याच कुळातली जवळची दुसरी प्रजाती आहे, आणि मुळा व अरुगुला हीसुद्धा याच कुळाची मंडळी आहेत. या सगळ्यांना जोडणारी खूण म्हणजे गंधकयुक्त द्रव्यांमुळे येणारा मोहरीसारखा तिखटपणा. मोहरी याच कुळातली आहे, हे सांगितले की तो तिखटपणा परका वाटत नाही. या कुळाचा नियम एकच: थोडा वेळ, जास्त आच. फार वेळ उकळले की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि ज्यांना कोबी आवडत नाही त्यांतल्या अनेकांना प्रत्यक्षात हा वासच आवडत नसतो.

दुसरे कूळ गाजराचे. पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखे मूळ), सेलरी, सेलेरियॅक, पार्सली, कोथिंबीर आणि फेनेलचा कांद्यासारखा पांढरा गड्डा हे सारे याच कुळातले, आणि जिरे, ओवा व बडीशेपही याच कुळाच्या वनस्पतींपासून मिळतात. म्हणून या भाज्यांना सुगंध असतो आणि तो सुगंधच त्यांचे सामर्थ्य आहे. फेनेलचा गड्डा पहिल्यांदा पाहिला की काय करावे ते सुचत नाही. पण त्याचे पान चुरगळून नाकाशी धरले की बडीशेपेचा ओळखीचा वास येतो, कारण ती बडीशेपेचीच एक जात आहे. सेलेरियॅक मात्र दिसण्यावर जाऊ नये अशी भाजी आहे. मातीने माखलेला, मुळ्यांच्या गुंत्याने वेढलेला तो खडबडीत गोळा पाहून कोणालाही तो बाजूला ठेवावासा वाटेल. सोलाण्याने तो सोलता येत नाही. वरचा आणि खालचा भाग कापून तो सपाट बसवावा आणि चाकूने वरून खाली जाड साल उतरवावी. आत हस्तिदंती रंगाचा, घट्ट, सेलरीच्या वासाचा गर निघतो. तो हवेत काळवंडतो, म्हणून फोडी लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकाव्यात.

बीट, स्विस चार्ड आणि पालक हे एका कुळाचे आहेत. त्यातही बीट आणि चार्ड या एकाच प्रजातीच्या दोन जाती आहेत, एकीत मूळ फुगवले तर दुसरीत पान. त्यामुळे चार्डचे पान पालकासारखे आणि त्याचा रुंद रंगीत देठ स्वतंत्र भाजीसारखा वागवावा: देठ आधी तीन-चार मिनिटे परतावेत आणि मग पाने घालावीत.

लेट्यूस, चिकोरी आणि रॅडिकिओ हे सूर्यफुलाच्या कुळातले. त्यांचा देठ कापला की पांढरा चीक दिसतो आणि तोच कडवटपणाची सूचना देतो. जेरुसलेम आर्टिचोक या नावाने येणारे आल्यासारखे वेडेवाकडे कंदही प्रत्यक्षात सूर्यफुलाच्याच एका भावंडाचे आहेत. त्यांत इन्युलिन नावाचा तंतुमय घटक भरपूर असतो, जो लहान आतड्यात पचत नाही, म्हणून पहिल्या वेळी दोन-तीन कंदांपलीकडे जाऊ नये. नाहीतर पोट फुगते आणि दोष विनाकारण भाजीला लागतो. कांदा-लसणाच्या कुळातली लीक ही गोड आणि सौम्य भाजी आहे, फक्त तिच्या थरांत माती असते. ती लांबीत उभी चिरून, थर फाकवून, वाहत्या पाण्याखाली धुवावी.

तोंडात घालण्याआधी

वर्गणीच्या पेटीतला माल खाण्यासाठीच पिकवलेला असतो, तरीही प्रत्येक वनस्पतीचा प्रत्येक भाग खाण्याजोगा असतोच असे नाही. रुबार्बचे देठ खातात, पण त्याची पाने विषारी असतात. अळकुडी आणि तिच्या जातीचे कंद व पाने कच्ची खाऊ नयेत. त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जीभ आणि घसा खाजवतात, म्हणून ती पूर्ण शिजवावी लागतात. कसावा, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद, कच्चा कधीही खाऊ नये. बटाट्याचा हिरवा झालेला भाग आणि कोंब काढून टाकावेत.

एक सावधगिरी मी विशेष आग्रहाने सांगते, कारण ती अनेकांना माहीत नसते. दुधी, झुकिनी, भोपळा, काकडी या वेलवर्गीय भाज्यांचा एक छोटा तुकडा आधी कच्चा चाखून पाहावा. तो असामान्य कडू लागला तर तुकडा थुंकून टाकावा आणि ती संपूर्ण भाजी फेकून द्यावी. ज्या भाजीची चव एरवी सौम्य असते तिच्यातला हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवूनही ती द्रव्ये नष्ट होत नाहीत. कारल्याचा स्वाभाविक कडूपणा वेगळा.

रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये, कारण त्यांतील जीवनसत्त्व के औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक, चार्ड आणि बीटच्या पानांबाबत, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी एकूणच नव्या भाज्यांबाबत, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सेलरीची ॲलर्जी असलेल्यांनी सेलेरियॅकही टाळावा.

पहिली चव

आता मुख्य काम. नवी भाजी पहिल्या वेळी मसाल्यात बुडवू नये. मसाल्यात सगळेच चांगले लागते, पण त्या भाजीबद्दल काहीच कळत नाही आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तितकेच अनभिज्ञ असतो. ती तीन रूपांत चाखावी, आणि तिन्हींसाठी मिळून एक मध्यम आकाराची भाजी पुरते.

नवलकोलाचेच उदाहरण घेऊ. तळहातात मावेल इतका फिकट हिरवा गोळा, आणि त्यातून चहूबाजूंनी निघालेले देठ. प्रथम देठ मुळाशी कापावेत आणि पाने वेगळी ठेवावीत. बुडाकडची साल जाड व धागेदार असते, म्हणून सालीखालचा तंतुमय पांढरट थरही चाकूने उतरवावा. येथे कंजुषी केली तर प्रत्येक घासाला धागे दाताखाली येतात. आतला गर पाणीदार आणि किंचित पारदर्शक दिसला की भाजी कोवळी आहे असे समजावे. चाकू अडखळू लागला तर तो भाग काष्ठवत झाला आहे.

पहिली फोड कच्ची खावी, नुसते मीठ लावून. ती करकरीत, गोडसर आणि कोबीच्या दांड्याची आठवण करून देणारी लागते. दुसऱ्या वाट्याच्या फोडी पाच-सात मिनिटे वाफवाव्यात. तिखटपणा जातो आणि गोडी पुढे येते. उरलेल्या फोडींना तेल-मीठ चोळून, एकमेकींना न चिकटता पसरून, 200 ते 220 अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये पंचवीस-तीस मिनिटे भाजाव्यात, किंवा जाड बुडाच्या कढईत मोठ्या आचेवर न हलवता कडा तपकिरी होईपर्यंत ठेवाव्यात. फोडींची गर्दी झाली तर त्या भाजल्या न जाता स्वतःच्याच वाफेवर शिजतात. तिन्ही बश्या शेजारी ठेवून चाखल्या की या भाजीला काय मानवते, हे पाककृतींचे दहा पाने वाचून कळणार नाही इतके स्पष्ट कळते. आमच्या घरात नवलकोल कच्चा आवडतो, सलगम भाजलेला आवडतो आणि पार्सनिप तर भाजल्याशिवाय कोणी मागतच नाही.

पाने असतील तर त्यांचीही अशीच परीक्षा घ्यावी: एक पान कच्चे आणि थोडी पाने लसूण घालून तेलावर परतलेली. केलचे पान कच्चे चिवट लागते, पण चिरून त्याला मीठ, तेल आणि लिंबाचा रस लावून दोन मिनिटे हाताने चोळले की ते मऊ पडते आणि त्याचा रंग गडद होतो.

चव रुचली नाही तर

एका चवीवरून भाजी बाद करू नये; कोणती बाजू खटकली ते नेमके सांगता आले की तिच्यावर उपाय असतो. कडवटपणा खटकला तर मीठ आणि स्निग्धता वाढवावी. मीठ कडूपणाची जाणीव दाबते आणि रॅडिकिओसारखी पाने भाजल्यावरही बरीच सौम्य होतात. बीटचा मातकट वास खटकला तर तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासातही तेच द्रव्य असते. आम्लात ते विघटित होते, म्हणून बीटला लिंबू किंवा व्हिनेगर लागतेच. चिवटपणा खटकला तर एक तर तुकडे बारीक करावेत किंवा शिजण्याचा वेळ वाढवावा. बुळबुळीतपणा खटकला तर पाण्याशी संबंध कमी करून कोरड्या, तापलेल्या भांड्यात भाजी परतावी.

मुलांच्या बाबतीत धीर फार महत्त्वाचा आहे. नवी चव स्वीकारण्यासाठी मुलांना ती बहुधा अनेकदा, कधी कधी दहा-दहा वेळा, थोडी थोडी समोर यावी लागते. बळजबरी न करता, ओळखीच्या पदार्थाशेजारी एक फोड ठेवावी आणि ती खाल्ली नाही तरी विषय वाढवू नये. पेटी उघडण्याचे आणि वास घेण्याचे काम मात्र मुलांकडेच सोपवावे.

आठवडा संपताना उरलेले

पुढची पेटी येण्याच्या आदल्या दिवशी शिल्लक मालाचा निकाल लावावा. पालेभाज्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकाव्यात, पिळाव्यात आणि छोट्या पुड्या करून उणे 18 अंशांवर गोठवाव्यात. ही उकळी टाळू नये, कारण तिच्यामुळे पानांतली विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात. तसे न करता गोठवलेल्या पानांचा रंग आणि चव फ्रीजरमध्येही उतरत राहते.

कोबीच्या कुळातल्या भाज्या आंबवायला उत्तम. किसलेल्या किंवा बारीक चिरलेल्या 1 किलो भाजीला 20 ग्रॅम मीठ तोलून घ्यावे, ते पाणी सुटेपर्यंत चोळावे आणि भाजी स्वच्छ बरणीत दाबून भरावी. भाजी सुटलेल्या पाण्याखाली बुडालेली राहणे अत्यावश्यक आहे, म्हणून तिच्यावर वजन ठेवावे. 18 ते 22 अंशांच्या तापमानात एक ते तीन आठवड्यांत ती आंबट होते. मग बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. रंगीत केसाळ बुरशी आली किंवा सडका वास आला तर सगळे फेकून द्यावे, वरचा थर काढून खाऊ नये.

वही आणि पुढचा हंगाम

प्रत्येक नव्या भाजीसाठी वहीत चार-पाच ओळी लिहाव्यात: तारीख, नाव, कूळ, कोणता अवयव, किती दिवस टिकली आणि तीन रूपांपैकी कोणते आवडले. फोनमध्ये लिहिले तरी चालेल, पण लिहावे. स्मरणावर विसंबले तर पुढच्या वर्षी तीच भाजी पुन्हा अनोळखी होऊन समोर येते. तीन वेळा प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही जी भाजी घरात रुचली नाही ती बदलून घेण्यात किंवा शेजाऱ्यांना देण्यात मुळीच संकोच मानू नये.

हंगाम संपताना ही वही घेऊन शेतकऱ्याशी बोलावे. पुढच्या हंगामाचे बियाणे पेरणीच्या बरेच आधी मागवले जाते आणि कोणत्या पिकाला किती वाफे द्यायचे हे तेव्हाच ठरते. ‘भाज्या छान होत्या’ एवढे म्हणण्यापेक्षा ‘नवलकोल लहान असताना काढलेले फार आवडले, जेरुसलेम आर्टिचोक सलग तीन आठवडे आले तेव्हा संपवता आले नाहीत’ असे सांगितले तर त्याचा त्याला वाफ्यांचा हिशेब मांडताना थेट उपयोग होतो, आणि पूर्ण वाटा घ्यावा की अर्धाच ठेवावा हे आपल्यालाही त्याच वहीतून ठरवता येते.